एक बोट डावीकडे

प्रिय भिंगरे,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. आधी कुठेतरी बूड टेक, हातातली करवत बाजूला ठेव आणि मग पुढची ओळ वाच. मी स्वतः गेले काही दिवस धड बसलेली नाही. बसले की उठते, उठले की स्वयंपाकघरात जाते, आणि तिथल्या खिडकीची चौकट दिसली की पुन्हा दचकते. खिडकीच्या चौकटीने कधी माणूस दचकतं का, असं म्हणशील. दचकतं. सांगते. सगळं क्रमाने सांगायचं ठरवलंय, नाहीतर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे, मी शेवटापासून सुरुवात करते आणि ऐकणाऱ्याच्या डोक्याचा भुगा होतो. फोन करणार होते, पण फोनवर तू 'आई, जरा कामात आहे' म्हणाली असतीस आणि मी 'बरं' म्हणून ठेवून दिला असता. आपलं दोघींचं तेवढंच तर बोलणं उरलंय.

माझ्या फोटोंच्या प्रदर्शनाला तू येणार नाहीस हे बाबांनी सांगितलं. 'सुट्टी मिळत नाही म्हणाली,' एवढंच म्हणाले आणि रंधा मारत राहिले.  इतक्या वर्षांत तू माझ्याबरोबर एकदाही तळ्यावर आली नाहीस, तर प्रदर्शनाला काय येणार? घरी येतेस, दोन दिवस राहतेस, बाबांच्या शेडमध्ये होड्यांच्या फळ्या घासत बसतेस, आणि सूर्य कलला, मी ट्रायपॉड खांद्यावर घेतला, की तुला नेमकं डोकं धुवायचं आठवतं. लहानपणी माझ्या मागे मागे शेपटासारखी फिरणारी, खोक्यावर उभी राहून माझ्या कॅमेऱ्यात डोळा घालणारी पोर कशाने तुटली, हे मला कधी कळलंच नाही. मुलं मोठी होतात, असं मी लोकांना सांगायची. लोकांना पटायचं, मला नाही. आणि आता खरं सांगायला हरकत नाही, या प्रदर्शनाची सगळी यातायात मी एकाच आशेवर केली होती. माझ्या वीस वर्षांच्या फोटोंमधलं झाड एका भिंतीवर लागलेलं बघायला तरी तू येशील, माझ्या शेजारी उभी राहशील आणि पूर्वीसारखं काहीतरी खोडसाळ बोलशील.

तर ते झाड. तळ्याच्या पाण्यात काठापासून हाकेच्या अंतरावर उभं असलेलं, एक पान नसलेलं, दोन फांद्या हात पसरल्यासारख्या वर धरलेलं आपलं झाड. आता तर ते सगळ्या जगाचं झालंय. परवा दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडले होते तर समोर भिंतीवर तेच! बिस्किटांच्या डब्यावर आहे, बँकेच्या दिनदर्शिकेवर आहे. थंडीत त्या आठवड्यात, जेव्हा सूर्य अगदी दोन फांद्यांच्या बेचक्यात येऊन टेकतो, तेव्हा जेटीवर पाय ठेवायला जागा नसते. हॉटेलवाल्यांनी तर हद्द केली. मी जिथे उभी राहते तिथे फळीवर दोन पावलं रंगवून ठेवली आहेत, 'इथे उभे राहा' म्हणून. माझ्याच जागेसाठी मला रांग लावावी लागते. कुणी ओळखलंच तर म्हणतात, 'अय्या, तुम्हीच का त्या? हा सूर्य तुम्ही कसा हो आणलात मधोमध?' आणि मी दर वेळी काय सांगते तुला पाठ आहे. 'मी काही केलं नाही, फक्त वाट बघितली. निसर्गाला कुणी हात लावू नये, तो आपणहून देतो.' प्रदर्शनाचं नावसुद्धा तेच ठेवलंय मी. 'फक्त वाट बघितली.' मोठ्या अक्षरांत छापून आलंय. बाबांनीच फळीवर चिकटवलं ते. हूं की चूं केलं नाही माणसाने.

या वर्षी तळ्याच्या बांधाचं दार दुरुस्त करायला काढलंय हे तुला कळलं असेल. दार जुनं झालं होतं, गळत होतं, म्हणून पाणी हळूहळू सोडून देताहेत. रोज काठ थोडा खाली जातो, रोज चिखलाचा एक नवा पट्टा उघडा पडतो. मला त्यात गंमत वाटत होती. इतक्या वर्षांत न दिसलेलं तळं बघायला मिळतंय, म्हणून मी दुपारपासूनच जाऊन बसायला लागले. अशाच एका संध्याकाळी ऊन तिरपं झालं, आणि झाडाच्या पायाशी मला काहीतरी जाडसर दिसलं. मूळ असेल, म्हटलं. मुळं बघायला मिळणार म्हणून जीव हरखला माझा. मागचे लोक माझ्या अंगावरून मोबाइल पुढे काढत होते, त्यांना बाजूला सारत मी लांबची लेन्स लावली. मूळ नव्हतं. गोल होतं. अगदी नीट, गोल, कडेला पट्टी असलेलं. शेजारी एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, त्यातली ती नवऱ्याला म्हणते, 'अहो, ते झाड पिंपात लावलंय का?' आणि तो म्हणतो, 'कुंडी असेल गं. वाढवत असतील.' मला हसू आलं. शपथेवर सांगते, मी हसले. आणि मग ढगाआडून ऊन बाजूने त्याच्यावर पडलं आणि मला त्याचा रंग दिसला.

भिंगरे, तो उष्टा निळा होता.

नाव तूच ठेवलं होतंस त्याला. होड्या रंगवून उरलेले सगळे डबे बाबा एकत्र ओततात, त्यातून जो ना निळा ना हिरवा ना राखाडी असा एक रंग निघतो, जो जगात कुठल्याही दुकानात मिळत नाही, तो. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा. तुझ्या पलंगाच्या पायांचा. लोखंड उघडं ठेवलेलं त्या माणसाला सोसवत नाही, मग ते पाण्याखाली कुणालाच दिसणार नसलं तरी. इतक्या वर्षांच्या पाण्याने पोपडे धरले होते, शेवाळ चढलं होतं, पण मी तो रंग रोज सकाळी चहा करताना बघते, मला तो फसवणार नाही. माझ्या झाडाखाली पिंप होतं आणि ते माझ्या नवऱ्याने रंगवलेलं होतं.

मला वाटतं, मी मोठ्याने काहीतरी बोलले असेन. कारण मागे वळले तर जेटीवरचे लोक झाडाकडे बघत होते, पण आपल्या गावचे झाडाकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. चहावाली मावशी किटलीत इतकं डोकं घालून होती, जणू तिच्यात मासा सापडलाय. नावाडीकाका वाकून दोरीची गाठ सोडत होते. ती गाठ मघाशीच सुटलेली होती, दोरी मोकळीच हातात होती त्यांच्या. हॉटेलवाले तर मला बघून चक्क आत पळाले. आणि भिंगरे, त्या क्षणी मला एकदम सगळं आठवायला लागलं. इतकी वर्षं मी झाडाजवळ होडी न्या म्हटलं की काका म्हणायचे, 'तिथं गाळ आहे ताई, रुतेल होडी.' दर वर्षी गाळ. पाणी वाढलं तरी गाळ. मी म्हणायची, काय जपतात बिचारे होडीला!  कॅमेरा तिथेच ट्रायपॉडवर सोडून मी घरी निघाले, मावशीने मागून हाक मारली, 'ताई, अहो, कॅमेरा राहिला!' मी आयुष्यात पहिल्यांदा सूर्य बुडायच्या आत काठावरून परत फिरले.

बाबा शेडमध्ये होते. दारात मला बघितलं, हात रिकामे बघितले, आणि रंधा थांबवून म्हणाले, 'एवढं उतरलं का पाणी?'

बस. एवढंच.  मी त्यांना विचारलं की कधीपासून. ते खाली बसले, लाकडाच्या भुश्शातच, आणि सांगायला लागले. तुला माहीत आहे ते कसे सांगतात, एक वाक्य, मग दोन मिनिटं पायाजवळचा भुसा गोळा करायचा, मग दुसरं वाक्य. तुझी आजी दवाखान्यात होती आणि मी महिनाभर तिच्या उशाशी होते, तेव्हा इथे ते वादळ झालं. ते मला माहीतच होतं, फोनवर तुम्ही सांगितलं होतं की शेडचे पत्रे उडाले, खांब पडले, रस्ता बंद आहे. झाडाचं कुणी बोललं नव्हतं. झाड पहिल्याच रात्री मधोमध मोडलं होतं. वरचा भाग तरंगत जाऊन बांधाला अडकला. बाबांना वाटलं, मी आल्यावर सांगू. आणि मग आजी गेली. 'तू आईला पोचवून परत येणार,' ते म्हणाले, 'आणि त्याच दारात मी तुला सांगायचं की झाडही गेलं. माझी जीभ रेटेना.'

मग नावाडीकाका आले, हॉटेलवाले आले. रस्ता बंद, बाहेरचा माणूस गावात नाही, त्यामुळे लपवायलाही काही नव्हतं, सगळं भरदिवसा केलं त्यांनी. पलीकडच्या काठावरचं एक वठलेलं खोड आणलं, पिंपात सिमेंट भरून त्यात ते रोवलं, वर आपल्या झाडाचा तोच शेंडा पट्ट्या ठोकून बसवला आणि सांध्यावर डांबर लावलं. उंची किती ठेवायची म्हणून मावशीच्या टपरीत टांगलेला माझाच फोटो काढून आणला होता, म्हणे. माझाच फोटो! 'अगदीच खोटं नाही गं ते,' बाबा मला समजावत होते, 'वरचं तेच आहे.' मी ओरडले, की वरचं तेच आहे म्हणजे काय, उद्या मी मेले तर माझं डोकं दुसऱ्या कुणावर बसवाल का! ते गंभीरपणे म्हणाले, 'तुझं डोकं बसेल असं कोण मिळणार?' भिंगरे, मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं नाही. नुसती बघत राहिले त्यांच्याकडे. ज्या माणसाला दुकानदाराने चुकून जास्त परत दिलेली सुटी नाणी खिशात ठेवताना घाम फुटतो, तो माणूस इतकी वर्षं रोज संध्याकाळी मला 'कसं होतं आज झाड?' असं विचारत होता.

मी आल्यावर दोन-चार दिवसांत सांगायचं असं त्यांचं ठरलं होतं. पण मी आले त्याच संध्याकाळी काठावर गेले. मला ती संध्याकाळ आठवते. आई गेल्यापासून मला काही दिसतच नव्हतं, म्हणजे दिसायचं, पण बघावंसं वाटायचं नाही. आणि सूर्य खाली आला आणि झाडाच्या बेचक्यात बसला. मधोमध. कुणीतरी उचलून ठेवावा तसा. त्याआधी तो नेहमी झाडाच्या उजवीकडून बुडायचा, कितीही वाट बघितली तरी थोडक्यात हुकायचा. मी घरी आले आणि भरपूर जेवले आणि तुम्हा दोघांना म्हटलं, 'बघा, एवढ्या वादळातही ते उभं आहे. आणि त्याने मला काय दिलं बघा.' तुम्ही दोघं ताटात बघत होतात. मला वाटलं, आजीच्या आठवणीने. बाबा म्हणतात, त्यानंतर सांगायचं म्हणजे तुझ्या हातातला घास काढून घेण्यासारखं होतं. पुढे तो फोटो छापून आला, लोक यायला लागले, गावाच्या चुली त्याच्यावर पेटायला लागल्या, मग तर काय, सगळ्यांच्याच तोंडाला कुलूप.

आणि मी? मी रोज त्याला उजेडाच्या समोर काळं बघत होते. नुसती आकृती. मी फोटो काढते गं, माझं पोट त्याच्यावर आहे, आणि माझं लाडकं झाड जागचं हललंय हे मला दिसलं नाही! दिसलं नाही असंही नाही. दिसलं होतं. सूर्य एकदम बेचक्यात कसा यायला लागला, हे मी स्वतःलाच विचारलं होतं आणि स्वतःच उत्तरही दिलं होतं, की जुनी झाडं काळाबरोबर झुकतात. हे मी शिकायला येणाऱ्यांना सांगितलंय. एकाने वहीत उतरवूनही घेतलं.

त्यानंतर मी बाबांशी बोलले नाही. जेवण वाढायचे, समोर ठेवायचे, उठून जायचे. काठावर तर फिरकलेच नाही. गावात कुणी समोर आलं की रस्ता बदलायचं, मी नाही, समोरचं माणूस. वाचनालयाच्या सभागृहात फोटो लावून झाले होते, वादळाआधीचे वरच्या रांगेत, नंतरचे खालच्या. मी ठरवलं, खालची रांग उतरवायची. सगळी. परवा सकाळी स्टूल घेऊन गेले आणि एकेक काढून भिंतीशी उलटे टेकवायला लागले. पाठमोरे. त्यांची तोंडं बघवत नव्हती मला. बेचक्यातल्या सूर्याचा तो पहिला फोटो सगळ्यात शेवटी राहिला. त्याला हात घातला तेव्हा बाबा दारात उभे होते, किती वेळ कुणास ठाऊक. म्हणाले, 'तो राहू दे.' मी म्हटलं, का, सगळ्यात मोठं खोटं तर तोच आहे. तर ते म्हणाले, 'बाकी सगळं माझं काम आहे, काय करायचं ते कर. तो माझा नाही. झाड मी उभं केलं. कुठे उभं करायचं, ते तिने सांगितलं.'

मला आधी कळलंच नाही 'तिने' म्हणजे कोणी. मावशीने? मी विचारलंसुद्धा, की मावशीला काय कळतं त्यातलं. बाबा माझ्याकडे असं बघत राहिले, की मी स्टुलावरच खाली बसले.

तू जेटीच्या टोकाला माझ्या जागेवर उभी होतीस, माझा जुना कॅमेरा गळ्यात होता, ते सांगत होते. पुरुषमाणसं छातीभर पाण्यात पिंप धरून काकडत होती. नावाडीकाका ओरडत होते, 'बाय, झालं का? इथं ठेवू का?' आणि तू एक डोळा मिटून, हात लांब करून, बोट उभं धरून ओरडत होतीस, 'नाही! अजून! अजून एक बोट डावीकडे! तुमच्या डावीकडे!' तशीच, जशी लहानपणी खोक्यावर उभी राहून मला सांगायचीस, की आई, डोंगर आणि झाड यांच्यामध्ये एक बोट जागा ठेव, नाहीतर त्यांना श्वास घेता येणार नाही. काका चिडले, म्हणाले, 'जिथं होतं तिथंच तर ठेवायचंय, एवढं काय मापं घेते ही पोरगी!' आणि तू म्हणालीस... बाबांना ते शब्दशः लक्षात होतं, इतकी वर्षं. तू म्हणालीस, 'जिथे होतं तिथे नकोय. आईला सूर्य नेहमी झाडाच्या बाजूला मिळतो. या वेळी तिला मधोमध मिळू दे.'

मी बसूनच राहिले. सभागृह झाडायला आलेली बाई माझ्या पायांभोवतून झाडून गेली, तरी मी बसलेली. म्हणजे ते तू दिलं होतंस. आजी गेली म्हणून तू मला सूर्य बेचक्यात ठेवून दिलास, आणि मी तो घेतला, आणि घरी येऊन तुझ्यासमोर बसून सांगितलं, की बघा, निसर्गाने मला काय दिलं. दुसऱ्या दिवशी तू माझ्याबरोबर आली होतीस काठावर, आता आठवतंय. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं, 'सांग, माणसाला जमलं असतं का असं?' तू म्हणालीस, 'मला अभ्यास आहे,' आणि गेलीस. ती गेलीसच. आईला सांगणार नाही हा बाबांना दिलेला शब्द तुला मोडता येत नव्हता आणि माझ्या शेजारी उभं राहून गप्पही बसता येत नव्हतं. मग राहिलं काय? लांब जाणं. आणि गेलीस तीही कुठे, तर नाटकांची झाडं आणि चंद्र बनवायला. तुझ्या पहिल्या कापडी झाडाचा फोटो बघून मी म्हटलं होतं, खऱ्या झाडाखाली वाढलेली मुलगी ही खोटी झाडं कसली करते. तू शांतपणे म्हणाली होतीस, 'आई, हे झाड खोटं आहे हे बघणाऱ्याला आधीपासून माहीत असतं.' मी तेव्हा बाबांना म्हटलं, बघा कशी तोडून बोलते. ते रंधा मारत होते. त्या माणसाने आयुष्यात किती लाकूड नुसतं माझ्या बोलण्यातून सुटायला तासलंय, कोण जाणे.

 राग आला होता तो कुठे गेला ते मला सापडत नाही. मी तो शोधते, म्हणजे फसवलं म्हणून निदान आठवडाभर तरी रागवायला हवं की नाही माणसाने? पण राग धरायला जाते आणि हाताला तुझं ते उभं धरलेलं बोट लागतं. काल बाबांशी बोलले. पहिलं वाक्य काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, पिंपाला पोपडे आलेत, पुन्हा रंगवायला हवं. ते इतके खूश झाले की लगेच डबे शोधायला उठले.

आणि आता हे पत्र कशासाठी लिहिते आहे ते. प्रदर्शनासाठी नाही. ते मी पुढे ढकललंय, नावही बदलायचंय, आणि खालच्या रांगेखाली कुणाचं नाव लिहायचं हेही ठरायचंय. पत्र लिहिते आहे ते वेगळ्याच अडचणीपायी. पाणी गेल्यावर खालचा चिखल खचला आणि पिंप एका अंगाला कललं. दाराची दुरुस्ती संपत आलीय. पाणी परत चढायच्या आत झाड सरळ केलं नाही, तर ते आडवं होणार. आज सकाळी जेटीवर गावातली झाडून सगळी जमली. आधी कुणी माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, उभं करायचं, पण माझी एक अट आहे, जेटीवर मोठी पाटी लावायची की हे झाड वादळात पडलं होतं आणि ते आम्ही उभं केलंय. हॉटेलवाले म्हणाले, 'अहो, मग कोण येईल बघायला?' मावशी म्हणाली, 'मी येईन, आधी दोरी धरा.' मग सगळे चिखलात उतरले, बाबासुद्धा, गुडघे दुखत असताना. पिंपाला दोर बांधले आणि नावाडीकाकांनी खालून ओरडून विचारलं, 'ताई, सांगा! कुठं घ्यायचं?' मी त्या रंगवलेल्या पावलांवर उभी राहिले. एक डोळा मिटला, हात लांब केला, बोट वर धरलं. आणि भिंगरे, मला सांगता येईना. झाड कधी बोटाच्या या अंगाला, कधी त्या. मी जन्मभर नुसती वाट बघितलीय गं, कुठल्याही गोष्टीला 'सरक' म्हणायला मी कधी शिकलेच नाही. सगळे चिखलात माझ्याकडे बघत उभे, आणि मी हात खाली घेतला आणि म्हटलं, थांबा जरा, जिने आधी सांगितलं होतं तिलाच बोलावते.  काकांनी दोर तिथेच खुंटीला बांधून ठेवला. पाणी सोडायच्या आत ये. सुट्टी मिळत नसेल तर तुझ्या साहेबांना सांग, गावात एक झाड उभं करायचंय, त्यांना कळेल. तू माझ्या जागेवर उभी राहा, मी खोक्यावर बसेन. सूर्य कुठे बसवायचा ते तू ठरव, बेचक्यात, बाजूला, कुठेही, आणि या वेळी कुणी विचारलं की हे कुणी केलं, तर मी माझ्या तोंडाने सांगेन.

तुझीच, अजूनही उभीच असलेली,
आई